समेट या शब्दाची झाडाझडती

गेल्या साली गावाहून फोन आला. पाटलाच्या नातवाचा. पोरगं शिकलेलं, बोलायला गोड. म्हणाला, "काका, गावात सलोख्याचा कार्यक्रम घेतोय. तुमच्या वस्तीतले तुम्ही पहिले बँकेत लागलेले. तुम्ही स्टेजवर बसा, दोन शब्द बोला. झालं गेलं विसरून समेट करू. आता कुठं काय राहिलंय पहिल्यासारखं?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

विचार करायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. समेट म्हंजे काय? कुणाचा कुणाशी? आणि ही गोष्ट काढायची कुणी, मारणाऱ्यानं की मार खाणाऱ्यानं? दोस्तांनो, आपल्या लोकांना हा शब्द आयुष्यात दहादा ऐकावा लागतो. पोलीस ठाण्यात, चावडीवर, कोर्टाच्या व्हरांड्यात. म्हणून म्हटलं, या शब्दाचीच एकदा झाडाझडती घेऊ. तो कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, आणि आमच्या दारात कशासाठी उभा राहतो.

इंग्रजीतला 'रिकन्सिलिएशन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बँकेत. 1981 साली कारकून म्हणून लागलो. ते दिवस जाडजूड खतावण्यांचे. आमच्या शाखेच्या वहीत एक रक्कम, दुसऱ्या शाखेच्या वहीत दुसरीच. मग दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या, ओळ न् ओळ टिक मारत जायची आणि फरक कुठं पडला ते हुडकायचं. या कामाचं नाव रिकन्सिलिएशन. मराठीत आपण म्हणतो मेळ घालणं. आमच्या अकौंटंट साहेबांनी पहिल्या आठवड्यात दम दिला होता, "आकडा जुळत नाही म्हणून जुळवायचा नाही. सुटलेली नोंद सापडली पाहिजे." नाहीच सापडली तर रक्कम टाकायची सस्पेन्स खात्यात, म्हंजे आपल्या उचंत खात्यात. पण उचंत खात्यात टाकलं म्हंजे मेळ बसला असं नव्हे. ऑडिटर आला की आधी तेच खातं उघडायला लावतो. वर्षानुवर्षं तिथं पडून असलेल्या रकमा बघून विचारतो, हे कुणाचं देणं आहे? अजून का पडलंय?

एवढं ध्यानात ठेवा. आता माझ्या घरच्या वहीकडं येतो.

माझ्या आजीची पत्र्याची पेटी माझ्याकडं आहे. तिच्यात दोन कागद आहेत. पहिला 1936 सालचा, आजाचा राजीनामा. आजा कुठं नोकरीला नव्हता. हा राजीनामा जमिनीचा. साडेतीन एकर जिराईत. वतनाची नव्हे, हाडकी-हाडवळ्याची नव्हे. आजाच्या बापानं मुंबईच्या गोदीत ओझी वाहून पै पै साठवून घेतलेली. एका वाईट साली पाटलाकडनं ज्वारी उचलली, ती फिटली नाही. मग कागद झाला. मुंबई इलाख्यात 1879 च्या जमीन महसूल कायद्याखाली अशी रीत होती. जमीन सोडणाऱ्यानं सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणाऱ्यानं कबुलायत लिहून द्यायची. दोन कागद झाले की जमीन याच्या नावावरून त्याच्या नावावर. आजाच्या कागदात लिहिलंय, ही जमीन मी राजीखुशीनं सोडत आहे. खाली अंगठा.

दुसरा कागद 1971 सालचा, माझ्या बाचा. मी तेव्हा बारा वर्षांचा. उन्हाळा होता, वस्तीची विहीर आटली होती. बा गावच्या सार्वजनिक विहिरीवर गेला आणि पोहरा सोडला. चार जणांनी धरून मारला. उजवा हात कोपरातून मोडला. बानं तालुक्याला जाऊन फिर्याद दिली. तिसऱ्या दिवसापासून आमच्या वस्तीचं दळण बंद, दुकान बंद, शेतातलं काम बंद. आठव्या दिवशी चावडीवर बोलावणं.

"मिटवून घे बाबा," पाटील म्हणाला. "गावात ऱ्हायाचंय नव्हं तुला?"

बा म्हणाला, "पाटील, हात मोडलाय माझा."

"हात काय, जुळंल. गाव मोडलं तर जुळंल का?"

वस्तीतली म्हातारी माणसं बाकडं बघत होती. घरोघरी पोरं उपाशी होती. कागद लिहिला गेला. आमच्यात गैरसमजानं बोलाचाली झाली, पंचांसमक्ष समेट झाला, माझी कसलीही तक्रार राहिली नाही, हे राजीखुशीनं लिहून देतो. बाला सही येत होती, रात्रीच्या शाळेत शिकला होता. पण उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणून डाव्या हाताचा अंगठा.

दोन कागद, पस्तीस वर्षांचं अंतर. दोन्हीत एकच शब्द, राजीखुशी. दोन्हीच्या खाली अंगठा. आणि दुसऱ्या कागदात मोडलेला हात कुठंच नाही. तिथं फक्त बोलाचाली आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नोंद गाळून आकडा जुळवला.

आता हे शब्द बघा. 'राजी' हा अरबीतून फारशीच्या वाटेनं आपल्याकडं आलेला शब्द. अर्थ, खूश असलेला, कबूल असलेला. 'नामा' म्हंजे लिखित, कागद. राजीनामा म्हंजे दोघं कबूल झाल्याचा कागद. हिंदी मुलखातल्या कोर्टात आजही राजीनामा म्हंजे दोन पक्षांतल्या समझोत्याचा कागद. पण आपल्या मराठीत राजीनामा म्हंजे काय? सोडणं. हक्क सोडणं, जागा सोडणं, खुर्ची सोडणं. एकाच शब्दाचा तिकडं समझोता झाला आणि इकडं सोडचिठ्ठी. शब्दकोशवाले याची कारणं आपल्या परीनं देतील. मला माझ्या पेटीतलं कारण पुरेसं आहे. एक बळकट आणि एक दुबळा यांच्यात जेव्हा राजीपणाचा कागद होतो, तेव्हा तो दोघांच्या कबुलीचा नसतोच. एक घेतो, एक सोडतो. आणि सोडणाऱ्यालाच वर लिहून द्यावं लागतं की मी खूश आहे.

दुसरा शब्द 'मिटवणं'. भांडण मिटवतात. डोळेही मिटतात, तोंडही मिटतं. नामोनिशाण मिटवतात तेही याच शब्दानं. पाटील म्हणाला मिटवून घे. बानं तोंड मिटलं, गावानं डोळे मिटले, आणि तंटा मिटला. एका क्रियापदात सगळं गाव बसलं.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ. तो लॅटिनमधून आला. 'रिकन्सिलिआरे'. यातला 'रे' म्हंजे पुन्हा. 'कन्सिलिआरे' म्हंजे एकत्र आणणं, आपलंसं करणं. त्याच्याच घरातला शब्द 'कॉन्सिलियुम', म्हंजे सभा, बोलावून जमवलेली मंडळी. एकूण अर्थ, एका सभेत बसणाऱ्यांना पुन्हा एका सभेत आणणं.

या 'पुन्हा'पाशीच माझं घोडं अडतं. दोन भाऊ भांडले, पुन्हा एक झाले, समजतं. नवरा-बायको रुसली, पुन्हा नांदली, समजतं. पण आम्ही आणि गाव कधी एका सभेत होतो? आमचं घर गावकुसाबाहेर. चावडीवर आमचा माणूस उभा राहायचा तो पायरीखाली, जोहार घालायला. जे एकत्र नव्हतंच ते पुन्हा एकत्र कसं आणणार? गावानं आम्हाला म्हणावं की पहिल्यांदाच एकत्र बसू, तर ते खरं बोलणं होईल. पुन्हा म्हणायचं म्हंजे आधी सगळं आलबेल होतं अशी खोटी नोंद घालायची.

या शब्दाला ख्रिस्ती धर्मात मोठा मान मिळाला. संत पौलाच्या पत्रांत मूळ ग्रीक शब्द आहे 'काटालागे'. मराठी बायबलात त्या जागी आपला 'समेट' बसलाय. ग्रीक शब्दाचा जुना व्यवहारातला अर्थ होता बदल, अदलाबदल. नाण्यांची मोड करतात, तीही अदलाबदल याच शब्दात यायची. एक द्यायचं, त्याच्या बदल्यात एक घ्यायचं. त्यावरून पुढं वैराच्या जागी मैत्री असा अर्थ झाला. म्हंजे या शब्दाच्या मुळात देणं-घेणं आहे. फुकट काही नाही.

आणि याच शब्दाचा इंग्रजीत आणखी एक जुना अर्थ आहे, तो वाचून मी खुर्चीतून उठलो. चर्च बाटलं, तिथं रक्त सांडलं किंवा काही अमंगळ घडलं, तर ती जागा विधी करून पुन्हा पवित्र करून घ्यायची, यालाही 'रिकन्साइल' करणं म्हणत. म्हंजे बाटलेल्या जागेची शुद्धी!

दोस्तांनो, ही शुद्धी आपल्याला नवी नाही. 20 मार्च 1927. महाडचं चवदार तळं. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी घेतलं. सभेनंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. आणि मग सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी तळ्यात ओतून मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध करून घेतलं. रक्त आमचं सांडलं, पण बाटलं त्यांचं पाणी. त्यांच्या वहीत आमच्या फुटलेल्या डोक्याची नोंद नव्हती, फक्त आमच्या ओंजळीची होती. बाबासाहेब त्या शुद्धीनं गप्प बसले नाहीत. डिसेंबरात पुन्हा महाडला गेले, 25 तारखेला मनुस्मृती जाळली. कोर्टात दावा चालला तो दहा वर्षं. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. ही झाली सुटलेली नोंद हुडकून काढणं. समेटाच्या कागदानं तळं मिळालं नाही.

मग समेट कधी करूच नये का? बाबासाहेबांनीही केला की, असं कुणी म्हणेल. पुणे करार. तो बघूच. ऑगस्ट 1932 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा दिला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ, आणि सर्वसाधारण मतदारसंघातही मत. म्हंजे दोन मतं. 20 सप्टेंबरला गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण धरलं. 24 सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा 71 होत्या, त्या 148 झाल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरं मतही गेलं. एका बाजूला गांधींचा जीव. दुसऱ्या बाजूला, गांधींना काही झालं तर गावोगावच्या वस्त्यांचं काय होईल ही धास्ती. या दोहोंच्या मध्ये बसून बाबासाहेबांनी सही केली. पण फरक बघा. बाबासाहेबांनी सही केली आणि नोंद गाळली नाही. काय मिळालं, काय गेलं, कुठल्या दबावाखाली गेलं, हे त्यांनी पुढं 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात जगाला सांगितलं. सही दिली, पण तोंड मिटलं नाही. माझ्या बाला ते करता आलं नाही. त्याच्याकडं ग्रंथ नव्हता, आठ दिवसांचं बंद दळण होतं.

आपल्या पँथरनं 1972 साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून. म्हणून काळ्या लोकांनी या शब्दाचं काय केलं तेही बघायला पाहिजे. जगात या शब्दाचा सगळ्यात मोठा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. 1994 साली तिथं वर्णभेदाचं राज्य गेलं, मंडेला आले. 1995 साली कायदा करून 'सत्य आणि समेट आयोग' नेमला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. नावातच बघा, आधी सत्य, मग समेट. एप्रिल 1996 मध्ये ईस्ट लंडन शहरात पहिली सुनावणी झाली. ज्यांची पोरं पोलिसांनी नेली आणि परत आली नाहीत, त्या आया उभ्या राहून बोलल्या. रेडिओवर, टीव्हीवर सगळ्या देशानं ऐकलं. वीस हजारांवर लोकांनी जबान्या दिल्या. मारणाऱ्यांना सांगितलं, केलं ते सगळं उघड सांगा, राजकीय हेतूनं केलं हे दाखवा, तर माफी मिळेल. सात हजारांवर अर्ज आले, 849 जणांना माफी मिळाली. स्टीव्ह बिकोला 1977 साली कोठडीत मारणाऱ्या पोलिसांचा अर्ज 1999 साली फेटाळला.

आमच्या गावच्या चावडीपेक्षा हे हजार पटीनं बरं. तिथं निदान वही उघडली. मोडलेल्या हाताला मोडलेला हात म्हटलं.

पण त्या मेळातही नोंदी सुटल्या. माफी मागायला पश्चात्तापाची अट नव्हती, सांगितलं की झालं. बिकोच्या घरच्यांसह काही कुटुंबं 1996 साली घटना न्यायालयात गेली की आम्हाला माफी नको, खटला पाहिजे. ती हरली. आयोगानं बघायचं काय, तर 1960 ते 1994 मधले खून, छळ, पळवापळवी. पण 1913 च्या कायद्यानं काळ्या माणसाला देशातल्या जेमतेम सातएक टक्के जमिनीत कोंडलं, ते या हिशेबात नव्हतं. लाखो लोकांना घरातून उठवून दूर नेऊन टाकलं, तेही नव्हतं. आयोगानं पीडितांना सहा वर्षं दरसाल रक्कम द्या असं सुचवलं होतं. 2003 साली सरकारनं एकदाच 30,000 रँड दिले. महमूद ममदानी या अभ्यासकानं तेव्हाच बोट ठेवलं की थोडे मारणारे आणि थोडे मार खाणारे तेवढे समोर आणले, वर्णभेदाचा फायदा खाल्लेला सगळा समाज बाजूलाच राहिला. मला हे वाचताना आजाचा कागद आठवला. मारहाणीची नोंद कधीतरी निघते. जमिनीची नोंद काढायला हात थरथरतात.

आता शेवटची गोष्ट, आमच्या कायद्याची. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला. विहिरीवर अडवणं हा त्यात गुन्हा. आम्हाला अभिमान होता. पण त्याच कायद्यात एक कलम होतं की हे गुन्हे कोर्टाच्या परवानगीनं आपसांत मिटवता येतील. म्हंजे बाचा तो कागद कायद्यात बसत होता! संसदेनं आमच्या हातात हत्यार दिलं आणि पाटलाला ते परत घ्यायची वाटही दिली. 1976 साली दुरुस्ती झाली, कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं आणि आपसांत मिटवायची सोय काढून टाकली. पाच वर्षं उशिरा, बाच्या हिशेबानं. मग 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, त्यातही मिटवामिटवीला जागा ठेवली नाही. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं बहिष्कार टाकणं हाच गुन्हा ठरला, आणि पीडितांचे, साक्षीदारांचे हक्क लिहून ठेवले. 2021 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जातीवरून घडलेलं नाही, मूळ वाद खाजगी आहे, अशा प्रकरणात समझोता मानून खटला रद्द करता येईल, पण पीडित खरंच आपखुशीनं राजी आहे का ते बारकाईनं बघा. बघा म्हंजे, तो राजी शब्द पुन्हा आला. फरक एवढाच की आता कोर्ट विचारतं, राजी की भिऊन राजी? बाला हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि कागदावर कायदा बदलला तरी चावडी बदलली असं समजू नका. आपल्या राज्यानं 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम काढली. तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस. बांधाचे तंटे, भाऊबंदकी मिटली तर वाईट कोण म्हणेल? पण बक्षिसाची आशा असलेल्या गावात दुबळ्याची तक्रार म्हंजे गावाच्या बक्षिसात खडा. त्याला 'मिटवून घे' म्हणणारे आता सगळेच असतात. म्हणून आपल्या पोरांना सांगा, शब्द गोड असला तरी आधी विचारा, वही कुठाय?

पंधरा दिवसांनी मी पाटलाच्या नातवाला फोन केला. म्हटलं, "बाळ, येतो मी. पण स्टेज नको, हार नको. चावडीवर सतरंजी टाक. मी माझ्या आजीची पेटी घेऊन येतो, तू तुझ्या आजोबांची कागदं आण. माझ्याकडं राजीनामा आहे, तुझ्याकडं कबुलायत असेल. दोन्ही शेजारी ठेवू आणि गावासमोर मोठ्यानं वाचू. मग 1971 चा कागद वाचू, आणि बोलाचाली खोडून तिथं हात मोडला असं लिहू. त्याच्या खाली तू सही कर, मी करतो. मग समेटाचं बोलू."

तो जरा गप्प झाला. म्हणाला, "काका, जमीन परत मागताय का?"

मी म्हटलं, "आधी नोंद मागतोय. नोंद निघाली की देणं किती ते तुझं तुलाच दिसंल."

"घरात विचारून सांगतो," म्हणाला.

पोरगं वाईट नाही. त्यानं कुणाचा हात मोडला नाही. पण आमच्या आजाचं शेत त्याच्या घरी आहे आणि माझ्या बाचा अंगठा माझ्या घरी आहे, एवढं त्यालाही माहीत आहे. त्यानं ठेवलेला कार्यक्रम नंतर माझ्याविना झाला, फोटोही आले. माझी सतरंजी अजून टाकली गेलेली नाही. ती टाकली की मी जाणार आहे. तोवर आमचा हिशेब उचंत खात्यात पडून आहे. जुळला, असं मी लिहून देणार नाही.